गिरणीकामाचे अनौपचारिक शिक्षण

शाळा, अभ्यासक्रम, परीक्षा किंवा लेखी करार यांपैकी कशाचाही आधार न घेता, कापडगिरणीतील जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहून, त्याचे पाहून आणि त्याच्या हाताखाली राबून नव्या कामगाराने काम आत्मसात करण्याची रीत. मुंबईच्या कापडगिरण्यांत ही रीत १८५६ पासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अखंड चालू होती. या उद्योगातील भांडवल, यंत्रसामग्री, वेतन आणि संप यांविषयी विपुल लेखन झाले आहे. कोकणातील खाचरातून आलेला शेतकरी दोन मागांवर एकट्याने लक्ष ठेवण्याइतका तरबेज कसा झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गिरणीत कोण शिकू शकला आणि कोण शिकू शकला नाही, हेही त्याच प्रश्नाशी निगडित आहे.

हाताखाली राहून धंदा शिकण्याची प्रथा सर्वत्र प्राचीन आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी अनेक धंद्यांना बंधनकारक केली होती. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये तिच्यावर टीका केली आणि १८१४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. भारतात असे बंधन जातीने आणि कुटुंबाने पाळले; साळी, कोष्टी, मोमीन यांची मुले घरच्या मागावर विणकाम शिकत. गिरणीतील शिक्षण या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तेथे करार नव्हता, मुदत नव्हती आणि शिकविणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी नव्हती. तरीही या शिक्षणाला स्वतःचे कडक नियम होते. ते लिहिलेले नव्हते, इतकेच.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथील तिच्या गिरणीत उत्पादन सुरू झाले. यंत्रे लँकाशरची होती आणि ती उभारणारे व चालविणारे मास्तरही प्रारंभी बहुतांशी तिकडचेच होते. मास्तरला मराठी येत नव्हती आणि मजुराला इंग्रजी. या दोहोंच्या मध्ये जॉबर उभा राहिला. तो मजुरांपैकीच एक असे. काही वर्षे यंत्रावर काम करून वर चढलेला. भरती करणे, यंत्रे किरकोळ दुरुस्त करून चालू ठेवणे, कामाची वाटणी करणे आणि नवख्याला शिकविण्याची सोय लावणे ही सर्व कामे त्याच्याकडे आली. स्त्रियांच्या खात्यांत हे काम नायकीण करी. यंत्राबरोबर शब्दही आले व ते कानावरून शिकले गेल्यामुळे त्यांची रूपे पालटली. ‘थ्रॉसल’ या जुन्या सूतकताई यंत्राच्या नावावरून कातकाम विभागाला ‘त्रासन खाते’ हे नाव पडले आणि रिंग-यंत्रे आल्यानंतरही ते टिकले. मागाला ‘साचा’ व तो चालविणाऱ्याला ‘साचेवाला’ म्हणू लागले. या बोलीचा कोणताही कोश त्या काळी नव्हता. ती येणे हीच गिरणीतला माणूस झाल्याची पहिली खूण होती.

जे शिकायचे ते शब्दांत फारसे सांगता येण्यासारखे नव्हते. त्रासन खात्यात चात्यांची लांबलचक रांग असे. कापसाच्या वातीवरून सूत ओढले जात असताना कोठेतरी तार तुटे. ती फिरत्या चात्यावर बोटांच्या चिमटीत धरून, वरून उतरणाऱ्या वातीच्या टोकाला क्षणार्धात सांधावी लागे. सांधा जाड झाला, तर पुढे मागावर तीच तार पुन्हा तुटे. हे कौशल्य सांगून येत नाही. शेकडो वेळा बोटे चुकल्यानंतरच येते. बहुतेकांचा आरंभ याहून सोप्या कामापासून होई. भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या बसविणे हे मुलांचे काम समजले जाई. १८८१ च्या कारखाना अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ आणि १९२२ मध्ये बारा झाले. या मुलांना अर्धवेळ कामगार म्हणत. सर्वांत कोवळ्या वयातील ही मुले बॉबिनी बदलता बदलता तार सांधायला शिकत व पुढे पूर्ण कामगार होत. मुलांचे श्रम आणि त्यांचे शिक्षण यांतील सीमारेषा येथे पुसट होती व मालकांना ती पुसट असणे सोयीचे होते.

साचेखात्यातील काम अधिक गुंतागुंतीचे असे. साध्या मागावर बाण्याचा धागा तुटल्यास माग आपोआप थांबे. ताण्याचा धागा तुटल्यास मात्र तो तसाच चालू राही आणि कापडात दोष उमटे. म्हणून साचेवाल्याची नजर सतत ताण्यावर फिरत राही. तुटलेले टोक हुडकणे, गाठ मारणे, ते वईच्या डोळ्यातून आणि फणीच्या योग्य घरातून ओवणे आणि माग पुन्हा सुरू करणे, हे सर्व शेजारच्या मागाकडे एक डोळा ठेवून करावयाचे असे. धोटा मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या करी. त्या आवाजातील किंचित बदलावरून काहीतरी बिघडत आहे हे जाणकाराला आधीच कळे; नवख्याला मात्र सगळा एकच गोंगाट वाटे. कोरड्या हवेत सूत अधिक तुटते, हलक्या कापसाच्या मिश्रणातले तर आणखीच. तेव्हा कोणत्या दिवशी किती सावध राहायचे याचाही अंदाज लागे. खात्यातील आवाजामुळे बोलणे जवळजवळ अशक्य होते, तेव्हा शिकवणे हे बरेचसे हातवारे, मान हलविणे आणि प्रसंगी खांद्यावर बसणारी थाप यांतूनच चाले. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ आणि १९६६ मधील आपल्या ग्रंथांत असे प्रतिपादन केले, की माणसाला शब्दांत मांडता येते त्याहून अधिक ठाऊक असते. त्याची उदाहरणे प्रामुख्याने विज्ञानातील होती. परळ-लालबागच्या साचेखात्यात ती त्याला विपुल मिळाली असती.

शिकण्यासाठी प्रथम यंत्राजवळ उभे राहण्याची मुभा लागे आणि ती मुभा नात्यागोत्यातून मिळे. गिरणी कामगारांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा सर्वाधिक होता. त्याखालोखाल घाटावरील सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतील लोक होते. उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्याच्या आसपास वसले होते व त्यांच्यापैकी पुष्कळजण साचेखात्यात होते. गावाहून आलेला तरुण आपल्या गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी टाकी, खानावळीत जेवे आणि चुलता, मामा किंवा शेजारच्या वाडीतला माणूस ज्या खात्यात असेल, त्या खात्यात त्याच्यामागून जाई. काही आठवडे, कधी काही महिने, तो विनावेतन त्याच्या हाताखाली काम करी. साचेवाल्याला मजुरी कापडाच्या मापावर मिळत असल्याने कांड्या आणून देणारा, झाडझूड करणारा आणि जेवणाच्या वेळी माग सांभाळणारा फुकटचा हात त्याला हवाच असे. मात्र नवख्याच्या चुकीचा भुर्दंडही त्यालाच पडे. दोष असलेल्या कापडाबद्दल दंड करण्याची व ते कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत मजुरीतून कापून घेण्याची प्रथा गिरण्यांत होती आणि तिच्याविरुद्ध कामगारांची तक्रार कायम असे. त्यामुळे आपला माग कोणाच्या हाती द्यायचा, हे साचेवाला पारखून ठरवी. नातेवाइकाचा किंवा गाववाल्याचा भरवसा असे, परक्याचा नसे.

हात बसल्यावर तरुण बदली म्हणून दारावर उभा राही. एखादा कायम कामगार गैरहजर असेल, तर जॉबर त्या दिवसापुरते काम देई. बदलीला निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या सुतावर काम करावे लागे. या दृष्टीने बदलीचा काळ हा शिक्षणाचा दुसरा टप्पा होता. हा टप्पा किती लांबेल हे मात्र कौशल्यापेक्षा जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे. कामावर घेण्यासाठी आणि टिकवून ठेवण्यासाठी जॉबर दस्तुरी घेत, ही गोष्ट १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगापुढे उघडपणे मांडली गेली. आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घ्यावा व श्रम अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली-नियंत्रण योजना सुरू केली. तीनुसार दर महिन्याच्या आरंभी ठराविक बदली कामगारांना पत्रे दिली जात आणि रोजच्या जागा त्यांच्यामधूनच भरल्या जात. त्यामुळे दारावरची अनिश्चितता काहीशी कमी झाली. परंतु पत्र मिळण्याइतपत काम ज्याला येते तो ते कोठे शिकला, या प्रश्नाला योजनेने हात घातला नाही.

या व्यवस्थेत मालकाचा खर्च जवळजवळ शून्य होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिकणारा आपला वेळ देई, शिकविणारा आपली मजुरी पणाला लावी, जॉबर दोघांकडून आपला वाटा घेई आणि गिरणीला तयार माणूस मिळे. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तीत वस्त्रोद्योगाचे शिक्षण मिळे; पण ते मास्तर व अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी होते. सामान्य कामगाराचा तिच्याशी संबंध आला नाही. कामगारांना अक्षरओळख नाही म्हणून त्यांना तांत्रिक शिक्षण देता येत नाही, हे कारण त्या काळी वारंवार पुढे केले जाई. परंतु तोच निरक्षर कामगार शेजाऱ्याकडून उत्तम विणकाम शिकत होता. माणसे सहज मिळत असल्याने शिक्षणावर पैसे घालण्याची गरजच मालकांना वाटली नाही, हे अधिक खरे कारण दिसते.

नात्याच्या वाटेने जाणारे कौशल्य नात्याबाहेर जात नाही. याचा सर्वांत कठोर अनुभव अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना आला. ते गिरण्यांत मोठ्या संख्येने होते. पण त्रासन खात्यात आणि तत्सम कमी मजुरीच्या कामांत. अधिक कमाईच्या साचेखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. यासाठी सांगितले जाणारे कारण एका बारीक कृतीत दडलेले आहे. धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली व तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी छिद्राला ओठ लावून तो श्वासाने ओढून घेई. दर काही मिनिटांनी ही क्रिया करावी लागे. पाळी बदलल्यावर अथवा बदली आल्यावर तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागे आणि म्हणून सवर्ण व मुसलमान विणकर अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात येऊ देत नसत. लँकाशरमध्येही धोट्याला असेच ओठ लावले जात. तेथे रोगसंसर्गाच्या दृष्टीने त्यावर टीका झाली आणि ब्रिटनमध्ये १९५२ च्या नियमांनी ही पद्धत बंद करण्यात आली. हाताने धागा ओवता येईल असे धोटे त्यापूर्वीच उपलब्ध होते. एकच यांत्रिक गैरसोय एका देशात आरोग्याचा प्रश्न ठरली आणि दुसऱ्या देशात विटाळाचा.

१९२८ मध्ये मुंबईत सु. दीड लाख कामगारांचा संप सुमारे सहा महिने चालला. त्या वेळी डॉ. भीमराव आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मिळावा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह त्यांनी धरला व नेत्यांनी ती काहीशा नाखुशीने स्वीकारली. ही बंदी आपण घातलेली नाही, असे मालकपक्षाचे म्हणणे होते. ते अक्षरशः खरे होते आणि त्यातच प्रश्नाची अडचण होती. गिरणीच्या कोणत्याही लेखी नियमात बंदी नव्हती. साचेखात्यातील एकही विणकर आपल्या मागाशेजारी उभे राहू देत नाही, एवढे पुरेसे होते. ज्याला उभे राहू दिले जात नाही तो शिकत नाही, आणि ज्याला काम येत नाही त्याला ते न देण्यासाठी निराळ्या कारणाची गरज उरत नाही. पुढे १९९१ मध्ये जीन लेव्ह व एत्येन वेंगर यांनी कामातून होणाऱ्या शिक्षणावरील आपल्या ग्रंथात अमेरिकेतील मांस कापणाऱ्या उमेदवारांचे उदाहरण दिले. त्यांना मांस गुंडाळण्याच्या टेबलाजवळ उभे केल्यामुळे कुशल कापणारे दृष्टीसच पडत नव्हते, म्हणून त्यांचे शिक्षण खुंटले. मुंबईतील स्थिती याहून कठोर होती; येथे अंतर टेबलांचे नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीत मर्यादा वेगळ्या रीतीने पडल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात कामगारांपैकी सु. एक-पंचमांश स्त्रिया होत्या व त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत होत्या. ही खाती नायकिणीच्या अखत्यारीत असून आई-मुलगी, सासू-सून, शेजारणी अशा जोड्यांनी काम शिकले व शिकविले जाई. तेथून साचेखात्यात जाण्याची वाट मात्र नव्हती. स्त्रियांच्या रात्रपाळीवर कायद्याने निर्बंध होते, १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती-लाभ अधिनियम झाला आणि पुढे गुंडाळणीची यंत्रे सुधारली. तसतसे मालकांना स्त्रिया नकोशा झाल्या. त्यांचे प्रमाण घटत गेले आणि खात्यांबरोबर त्या खात्यांतील स्त्रियांचे आपसांतले शिक्षणही संपुष्टात आले.

१९२८ च्या संपाचे तात्कालिक कारणही या विषयाशी जोडलेले आहे. काही गिरण्यांनी कार्यक्षमता वाढविण्याच्या नावाखाली साचेवाल्याला दोनऐवजी तीन माग आणि त्रासन कामगाराला पूर्वीच्या दुप्पट चाती सोपविण्यास आरंभ केला होता. बेकारी आणि मजुरी हे वादाचे मुख्य मुद्दे होते. पण दोन माग सांभाळणाऱ्याला नवख्याकडे वळून पाहण्यास जो थोडा अवकाश मिळे, तोही तीन मागांनी हिरावून घेतला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. हिशेबाच्या वहीत हा अवकाश रिकामा वेळ म्हणून दिसतो. गिरणीची शाळा त्याच वेळात भरत होती.

स्वातंत्र्यानंतर शासनाने या शाळेला नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न केले. १९४९-५० मध्ये वस्त्रोद्योगातील भरतीसाठी नोंदणी-योजना आली, १९५० पासून कारागीर-प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या व १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विकसित झालेली ‘उद्योगांतर्गत प्रशिक्षण’ ही पद्धतीही याच सुमारास भारतात आली. कामाचे टप्पे पाडून ते आधी दाखवावयाचे, मग करवून घ्यावयाचे व शेवटी तपासावयाचे, अशी तिची रीत होती. तीत नवे फारसे नव्हते. एखादा चांगला साचेवाला आपल्या भाच्याला हेच करून दाखवीत असे. नवे होते ते एवढेच, की शिकविणे हे गिरणीचे काम आहे आणि त्याचा वेळ गिरणीने सोसला पाहिजे, हे प्रथमच मान्य झाले. प्रत्यक्षात मात्र कामगाराचा मुलगा वा पुतण्या बदली म्हणून लागणे व काकाच्या हाताखाली शिकणे, हाच क्रम पुष्कळ गिरण्यांत चालू राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार पुन्हा आत जाऊ शकले नाहीत, अनेक गिरण्या बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास-नियंत्रण नियमावलीनंतर त्यांच्या जमिनींना कापडापेक्षा अधिक किंमत आली. अनौपचारिक शिक्षणाचे एक न्यून या वेळी ठळकपणे पुढे आले. पंचवीस-तीस वर्षे साचे चालविलेल्या माणसाजवळ आपल्या कौशल्याचा कोणताही दाखला नव्हता. हजेरीपट, वेतनपावती व भविष्यनिर्वाह निधीची नोंद यांतून तो कोठे नोकरीस होता एवढेच सिद्ध होई. त्याला काय येते हे नव्हे. ते ज्यांना ठाऊक होते, ते शेजारच्या मागावरचे सोबतीही त्याच्याबरोबरच बेकार झाले होते. कित्येकांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली, भाजी विकली किंवा ते गावी परतले. काहीजण भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. तेथील मागांपैकी पुष्कळसे गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. साचेवाल्यांना ते ओळखीचे होते. मजुरी मात्र गिरणीपेक्षा बरीच कमी आणि पाळी बारा तासांची होती. पुढे त्या मागांवर उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेले तरुण दिसू लागले. तेही आपापल्या गावच्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच काम शिकले.